गाडी परत जाणार ना?

इचलकरंजीला रेल्वे नाही. हातकणंगल्यापासून रूळ टाकायचा विषय अधूनमधून निघतो, पेपरात नकाशा छापून येतो, लोक त्यात आपलं रान सापडतंय का बघतात आणि नकाशा रद्दीत जातो. त्यामुळं या गावात जे काही येतं ते रस्त्यानं येतं आणि पाठीवर नंबर घेऊन येतं. तामिळनाडूचं सूत येतं, मागावर चढतं आणि कोरं कापड होऊन बालोतरा, पालीकडं रंगायला जातं. या येण्याजाण्यात गावाला नंबरप्लेट वाचायचं शिक्षण फुकटात मिळालंय. शाळेत भूगोलात नापास झालेला माणूस चहाच्या गाड्यावर उभा राहून सांगतो : टीएन २८ नामक्कल, जीजे ०५ सुरत, आरजे १९ जोधपूर. केए २३ म्हणजे चिकोडी, पण ते तो परक्यात धरत नाही.

एवढं सगळं वाचता येत असूनही गाडी थांबली की काच खाली व्हायच्या आत प्रश्न येतोच. "पाव्हणं, कुठलं पासिंग?" पासिंग समोर दिसत असतं. पण आपल्याकडं दारात उभ्या माणसालाही "आलासा का?" असं विचारतात, त्यातलाच हा प्रकार.

या विद्येची परीक्षा बघायची तर संध्याकाळी जेवणं उरकायच्या वेळी ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर जावं. पुण्या-मुंबईला निघालेली स्लीपर बस, नंबर एनएल ०१. म्हणजे कोहिमा, नागालँड. ड्रायव्हर निपाणीचा, क्लीनर शिरोळचा, डिकीत कापडाचे गठ्ठे आणि कुणाच्या तरी पोरासाठी पुण्याला निघालेला लोणच्याचा डबा. कोहिमाला ही बस कधी गेली असेल तर तिनं ते कुणाला सांगितलेलं नाही. तिकडचा कर हलका, म्हणून जन्मदाखला तिकडचा. वळणावर एका आजींनी चौकशी केली होती, "नागालँडास्नं आलीय म्हंजे ड्रायव्हर दमला असंल की हो?" आजींची माया खरी होती. कागदाप्रमाणे त्यांचं बरोबरही होतं.

हे सगळं बघता बघता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जगातल्या कुठल्याही सरकारला माणूस पाहुणा आला तर थोडीफार काळजी वाटते, पण गाडी पाहुणी आली की झोप लागत नाही. माणूस राहिला तर बघू पुढं; गाडी मात्र परत गेलीच पाहिजे. आपल्या घरी बरोबर उलटं असतं. पाहुणा जावा आणि त्याची गाडी दोन दिवस राहावी, अशीच प्रत्येक यजमानाची मनोमन इच्छा असते.

आमच्या गावात बालोतऱ्याकडून आलेली घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदतायत. त्यांची मुलं आमच्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलतात, आणि भडंगात कांदा किती घालायचा यावर वादही घालतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला कामगार मागावर उभा राहतो त्याला "किती दिवस राहणार?" असं कुणी विचारत नाही; विचारलंच तर कारखानदार विचारतो, आणि तेही "दिवाळीनंतर परत येणार न्हवं?" या काळजीनं. पण हाच माणूस गावाकडची मोटारसायकल घेऊन आला, की मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ४७ जागं होतं. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली, तर तिनं नव्या राज्याचा नंबर घ्यायचा. माणसानं आडनाव, भाषा, जेवण काहीही न बदलता जन्म काढावा. गाडीला सवलत एका वर्षाची.

आमच्या ओळखीत एका घरी सदलग्याची सून आली. सदलगा कर्नाटकात, पण सोयरीक जमवताना सीमाप्रश्न आड येत नाही. आडवा येतो तो मानपान. सुनेबरोबर माहेरच्यांनी कौतुकानं एक गाडीही पाठवली, केए २३ पासिंगची. सून पंधरवड्यात घरात मिसळली. आधारकार्डावरचा पत्ता बदलला, रेशनकार्डात नाव चढलं, सासूच्या हाताखाली तांबडा-पांढरा रस्सा शिकून तिसऱ्या आठवड्यात ती सासूच्या चुका काढायला लागली. गाडी मात्र परकीच. तिला आधी चिकोडीहून ना-हरकत दाखला हवा, म्हणजे एनओसी. मग महाराष्ट्राचा कर भरायचा, मग कर्नाटकात भरलेल्या करातला उरलेला भाग तिकडून परत मागायचा. त्या परतीच्या पैशाविषयी जाणकार आवाज खाली आणून बोलतात. घरात पहिलं बाळ आलं त्याचा जन्मदाखला कोल्हापूर जिल्ह्याचा झाला, तेव्हाही दारातल्या गाडीवर केए होतंच. बाळाचा मामा भेटायला आला आणि आपलीच गाडी समजून चुकून त्याच गाडीत जाऊन बसला.

कर्नाटक आम्हाला तसं परदेश वाटत नाही. बोरगाव दहा-पंधरा किलोमीटरवर. तिथं पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, म्हणून पंपावर उभ्या असलेल्या गाड्यांत एमएच ०९ चाच भरणा. हिशेब कुणी मांडत नाही, कारण मांडला तर जाण्यायेण्यात जळलेलं पेट्रोलही मांडावं लागेल. पंपावरची पोरं मराठीत विचारतात, कन्नडमध्ये आपसांत बोलतात आणि पैसे मोजताना दोन्ही भाषांत गप्प असतात.

पण एखाद्या दिवशी तीच सीमा एकदम आठवते. ६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले, मग पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं लागलं, एसटी थांबली. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. तो कुणी कुणाच्या अंगावर फेकला नाही. मार खाल्ला तो गाड्यांनी. त्या ट्रकमधल्या मालाचा मालक कानडी असू शकेल, ड्रायव्हर तेलुगू असू शकेल, हे कोण बघतंय? पाटी दिसली की पुरे.

सरकारनं गाडी सोडून माणसाकडं बघितलं, असं मला एकदाच आठवतं. ऑगस्ट २०२१, कोगनोळीचा नाका. कर्नाटकात शिरायचं तर आरटीपीसीआरचा अहवाल हवा, लस घेतली असली तरी हवा. गाडीला कुणी काही विचारेना. आयुष्यात पहिल्यांदा आरसी बुक, पीयुसी, विमा सगळं जय्यत घेऊन गेलेली माणसं नाकातल्या काडीपायी परत फिरली. "गाडीला जाऊ द्या, मी हितंच थांबतो," असं एकजण म्हणाल्याचं सांगतात. सांगोवांगीची गोष्ट आहे, पण म्हणणाऱ्याला सरकारचा स्वभाव कळला होता.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रानं बीएच मालिका काढली. सैन्यातले, सरकारी नोकरीतले, किंवा चार-चार राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांतले, ज्यांची सारखी बदली होते, त्यांना एकच नंबर देशभर चालेल. कल्पना चांगली. पण आमच्या चहाच्या गाड्यावरच्या विद्वानांची पंचाईत झाली. पहिली बीएच गाडी दिसली तेव्हा एकमतानं ठरलं की बिहारची. बिहारचं बीआर असतं हे माहीत असलेला एक मास्तर तिथं होता, त्यानं भारत असा अर्थ सांगितला. त्यावर शांतता पसरली. मग एकानं विचारलं, "ते खरं ओ, पण भारतात कुठलं?"

आता मुख्य विषयाकडं येतो. आमच्या दाजींना गाडी घेऊन परदेशात जायचं होतं.

दाजींचे माग आहेत, मुलगा इंग्लंडात आहे आणि दारात इनोव्हा आहे. या तीन गोष्टी एका माणसाकडं असल्या की चौथी गोष्ट सुचणारच. "मेव्हणं, इमानानं कोणबी जातंय," दाजी म्हणाले. "आपली गाडी घिऊन पोराच्या दारात हॉर्न वाजवायचा." या कल्पनेला खतपाणी घातलं ते नव्या नंबरप्लेटनं. त्यांच्या गाडीचा नंबर ४१४१. पूर्वी तो 'दादा' असा रंगवलेला होता आणि दाजींना त्यात स्वतःचा नैसर्गिक हुद्दा दिसे. उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, मुदती वाढत वाढत शेवटी आली, आणि 'दादा' पुन्हा चार-एक-चार-एक झाला. दाजी दोन दिवस जेवले नीट नाहीत. मग त्यांना त्या पाटीवर डावीकडं निळ्या रंगात 'आयएनडी' अशी तीन अक्षरं दिसली. मी सांगून बसलो की ही भारताची आंतरराष्ट्रीय ओळखखूण आहे. झालं. दाजींच्या मते सरकारनं त्यांना लंडनला जायचं निमंत्रणच पाटीवर ठोकून दिलं होतं. तसं बघितलं तर हे निमंत्रण आमच्या गावातल्या प्रत्येक मोपेडलाही मिळालंय.

मी जरा शोध घेतला. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणं परदेशी रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला देशाची खूण पांढऱ्या लंबगोलावर काळ्या अक्षरांत लावावी लागते. पाटीवरची इवलीशी निळी अक्षरं त्या कामाची नाहीत. नंबर रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत हवा, म्हणजे 'दादा' असता तर बल्गेरियाच्या सीमेवर दादांना खाली उतरवलं असतं. चालवणाऱ्याला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो आपल्याच आरटीओत मिळतो आणि वर्षभर चालतो. इथवर दाजी मान डोलावत होते. मग मी कार्नेटवर आलो.

'कार्नेट द पासाज' हे गाडीचं पासपोर्ट बुक. भारतात ते मोटार संघटनांमार्फत मिळतं. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे, तिच्यासारख्या. त्यातलं प्रत्येक पान तीन तुकड्यांचं. देशात शिरताना कस्टमवाला एक तुकडा फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा फाडतो, तिसरं अर्धुक दोन्ही शिक्के घेऊन बुकात राहतं. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर तो देश धरून चालतो की यांनी गाडी इथंच विकली, आणि आयातशुल्क मागतो. ते बुडू नये म्हणून आधीच तारण ठेवायचं, आणि काही देशांसाठी हे तारण गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त असतं.

"म्हंजे सोड्याच्या बाटलीचं डिपॉझिट," दाजी म्हणाले. "बाटली परत दिली की पैसं परत." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. फक्त इथं बाटलीपेक्षा डिपॉझिट मोठं.

"आणि माझं डिपॉझिट?"

"तुमचं नाही. तुम्हाला फक्त व्हिसा."

दाजी जरा दुखावले. इतकी वर्षं धंद्यात काढली, पत कमावली, आणि जग इनोव्हाला जास्त मोलाची समजतं. मी त्यांना धीर द्यायला इतिहास सांगितला. आमच्या इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे १९१३ साली युरोपच्या सफरीवर गेले. परत आल्यावर इंग्रजांचं राहणीमान आणि स्वभाव यांवर त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, १९१४ साली, लंडनमध्ये. त्या काळात युरोपातल्या बऱ्याच देशांत माणसाला पासपोर्ट लागत नसे. ती कटकट पहिल्या महायुद्धानं मागं लावली. मोटारीला मात्र त्याही आधी कागद लागत होता, ट्रिप्टिक नावाचा, याच कार्नेटचा थोरला भाऊ. म्हणजे दाजी, गाडीला कागद आधी आणि माणसाला मागून, ही जगाची जुनी रीत आहे. तुमच्यावर कुणाचा राग नाही.

जाणारी माणसं जातातच, हेही मी सांगितलं. भारुलता कांबळे २०१६ साली इंग्लंडातल्या ल्युटनहून निघाल्या, एकट्यानं बीएमडब्ल्यू हाकत बत्तीस देश ओलांडून थेट आपल्या सासरी, महाडला आल्या. २०२५ साली एक मराठी गृहस्थ लंडनहून ठाण्याला आपली गाडी घेऊन आले. दोघं इकडं आली, हे दाजींनी बरोबर पकडलं. "म्हंजे यायचा रस्ता हाय. तोच उलटा धरायचा." पण परदेशी नंबरची गाडी आपल्याकडं पर्यटक म्हणून आली तर तिला सहा महिने; ठाण्याला आलेली ती गाडीही मालकासारखी विमानानं न जाता बोटीनं परत पाठवायची ठरली होती. विलायतेतही पाहुण्या गाडीची मुदत बारा महिन्यांत सहाच महिने. सगळीकडं तोच प्रश्न, परत कधी जाणार?

दाजींना खरा धक्का चीननं दिला. तिथं परदेशी गाडी न्यायची तर तिला तात्पुरता चिनी नंबर, चालकाला तात्पुरता चिनी परवाना, आणि सोबत सरकारमान्य मार्गदर्शक. तो सीमेपासून सीमेपर्यंत बरोबर असतो.

"माझ्या गाडीत?"

"बहुतेक शेजारच्या सीटवर."

"तिथं तुमची अक्का बसती."

अक्का इतका वेळ आत होती. ती बाहेर आली, सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "अहो, पोचल्यावर गाडी लावणार कुठं?"

इचलकरंजीत हा प्रश्न कुणाला पडत नाही. आपल्याकडं गाडी लावायची म्हणजे गाडीतून उतरायचं. मुख्य रस्त्यावर एका ओळीत गाड्या लागल्या असतील तर दुसरी ओळ आपण सुरू करायची. मागून येणारा तिसरी करतो. मी मोबाइलवर बघून सांगितलं की मध्य लंडनमध्ये २००३ पासून गर्दीकर आहे, गाडी आत घातली की त्या दिवसाचे पैसे, नंबर कुठल्याही देशाचा असो. जुन्या डिझेल गाडीला प्रदूषणाचा आकार वेगळा. दाजींनी पौंडाला रुपयांनी गुणलं. मग त्यांनी त्या रकमेत बोरगावहून किती लिटर डिझेल येतं ते काढलं. लंडनचा विषय त्या दिवशी तिथंच मिटला, आणि संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा अक्कानं त्याला सांगितलं, "तूच ये बाबा. ह्येंची गाडी तिकडं मावत न्हाई."

पण गाडी परदेशात न्यायची हौस फिटली पाहिजेच होती. मग नेपाळ ठरलं. पशुपतिनाथ, लुंबिनी, वाटेत काशी. नेपाळला कार्नेट नको, भारतीयांना व्हिसा नको. इचलकरंजीहून निघून नागपूर, जबलपूर करत गोरखपूर, आणि पुढं सोनौलीची सीमा. अक्का, दाजी, त्यांचे भाऊ-वहिनी, आणि कागदपत्रं वाचणारा म्हणून मी. शिदोरीत भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी. गोरखपूरपर्यंत यातलं निम्मं ज्यांना वाटलं त्यांनी आमचा पत्ता लिहून घेतलाय.

सोनौलीला कमानीखालून माणसं नुसती चालत जात होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, हातात भाजीच्या पिशव्या. कुणी अडवत नव्हतं. १९५० च्या करारानं दोन्ही देशांच्या माणसांना एकमेकांकडं जायची, राहायची, धंदा करायची मुभा आहे. एक म्हातारा शेळी घेऊन भारतातून नेपाळात गेला आणि थोड्या वेळानं शेळी घेऊन परत आला. शेळीला बहुतेक पसंत पडलं नसावं.

आमची गाडी मात्र बाजूला. भन्सार, म्हणजे त्यांचं कस्टम. तिथं गाडीचा परवाना काढायचा, रोजाप्रमाणं पैसे भरायचे. भारतीय गाडीला नेपाळात वर्षाला तीसच दिवस राहता येतं. खिडकीवरच्या बाबूनं आरसी बुक उलटसुलट बघितलं, इंजिनचा नंबर, चेसिसचा नंबर उतरवून घेतला, ४१४१ दोनदा तपासलं. माझं ओळखपत्र मी पुढं धरलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

मग त्यानं विचारलं, "वापस कब?"

दाजी भाविक माणूस. काशीहून कपाळाला गंध लावून आलेले, आवाज भरून आलेला. त्यांनी हात जोडले आणि आपल्या इचलकरंजी हिंदीत म्हणाले, "साहेब, पशुपतिनाथ की मर्जी. उसने रखा तो रह जायेंगे."

बाबूनं वर बघितलं. कोरा फॉर्म त्यांच्याकडं सरकवला आणि तारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"आप रह जाइए," तो म्हणाला. "गाडी की तारीख लिखिए."